शिट्टी, माठ आणि चार पायांचा ट्रान्झिस्टर

१९१३ सालच्या ३१ जानेवारीला न्यूयॉर्कमधला एक बावीस वर्षांचा विद्यार्थी एक कागद घेऊन नोटरीकडे गेला. कागदावर त्याने स्वतः काढलेली एका रेडिओ सर्किटची आकृती होती. त्याला त्या सर्किटचे पेटंट घ्यायचे होते. पण वडिलांनी सांगितले, आधी पदवी घे, मग पैसे देतो. तेव्हा एका नातेवाइकाच्या सल्ल्याने त्याने निदान आकृतीवर तारखेचा शिक्का मारून घेतला. हा विद्यार्थी म्हणजे एडविन आर्मस्ट्राँग. पेटंटचा अर्ज त्याने ऑक्टोबर १९१३ मध्ये केला आणि पुढच्या ऑक्टोबरात पेटंट मिळाले. त्यानंतर ली द फॉरेस्ट या दुसऱ्या संशोधकाशी कोर्टात भांडण लागले. ते इतके लांबले की १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्याचा शेवट झाला, आणि निकाल आर्मस्ट्राँगच्या विरुद्ध गेला. त्याच वर्षी तो आपले जुने पदक रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेला परत करायला गेला, तर जमलेल्या इंजिनिअरांनी ते घ्यायलाच नकार दिला. कोर्टाचे मत काहीही असो, सर्किट कोणाचे याबद्दल त्यांची खात्री होती.

हे सर्किट रिअ‍ॅक्शनचे सर्किट म्हणून ओळखले जाते. वर्धकातून बाहेर पडणाऱ्या लहरीचा थोडा भाग पुन्हा त्याच्याच तोंडाशी आणून सोडायचा, एवढीच त्यातली कल्पना. पाठ्यपुस्तकात यालाच प्रत्याभरण म्हणतात. कल्पना एका ओळीची, पण तिच्यामुळे एका व्हॉल्व्हचा रेडिओ शेकडो किलोमीटरवरचे केंद्र ऐकू लागला. जगभर हजारो लोकांनी तो घरच्या घरी केला. त्यातल्या फार थोड्यांनी आकृती जपून ठेवली असेल. नोटरीचा शिक्का तर कोणीच घेतला नसेल.

असाच एक रेडिओ आमच्या घरी होता. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी बाबांनी तो आम्हा बहीण-भावाला हाताशी घेऊन केला. बाबा जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होते. रेडिओचे शिक्षण त्यांनी कुठे घेतले नव्हते. तो रेडिओ पाच-सहा वर्षे चालला, मग दुकानातला आला आणि घरचा माळ्यावर गेला. १९९८ मध्ये बाबा गेले. गावचे घर रिकामे करताना त्यातली तांब्याची तार भंगारात गेली, हेडफोन कोणी तरी नेला, ट्रान्झिस्टर कुठे पडला ते कळलेच नाही. आकृती मुळात कधी काढलेलीच नव्हती. बाबांच्या डोक्यात होती तेवढीच.

आज आमच्यातली एक अमरावतीला शिकवते, एक अकोल्याला. शाळेत विद्यार्थ्यांना आम्ही दोघेही सांगतो की इतिहास साधनांवरून लिहायचा असतो. २०११ आणि २०१२ च्या उन्हाळी सुट्ट्यांत आम्ही तेच आपल्या घरातल्या एका वस्तूला लावून पाहायचे ठरवले. ती वस्तू पुन्हा बनवायची, पण मनाचे काही घालायचे नाही. प्रत्येक जोडणीला पुरावा हवा. आकृती पुस्तकातून उचलली असती तर काम एका दुपारचे होते. रिअ‍ॅक्शनच्या रेडिओच्या छापील आकृत्या शंभर मिळतात. पण त्यातून एक रेडिओ तयार झाला असता, आमचा रेडिओ नव्हे.

साधने काय होती?

वस्तू चार उरल्या होत्या. पहिली, लाखेचा हात दिलेली पुठ्ठ्याची नळी, पाच सेंटिमीटर व्यासाची. दुसरी, खोक्याच्या लाकडाची एक फळी, तिच्यावर स्क्रूची भोके आणि पेन्सिलीच्या खुणा. तिसरी, जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतून काढलेला गँग कंडेन्सर. मोठा, हवेचा, पाती एकमेकांत शिरणारी. पूर्ण मिटल्यावर तो सुमारे ५०० पिकोफॅरड भरतो. चौथी वस्तू म्हणजे किराण्याच्या हिशेबाच्या वहीचे एक पान. तेलाच्या आणि तुरीच्या डाळीच्या आकड्यांशेजारी समासात बाबांच्या अक्षरात तीन संख्या होत्या: ५८५, ७५, २२. बाकी काही नाही.

शिवाय माणसे होती. आई, आम्ही दोघे, आणि शेजारचे एक काका. त्या काकांच्या घरी तेव्हा दुकानातला मोठा रेडिओ होता.

पहिला प्रश्न काळाचा. आई म्हणायची, या रेडिओवर १९७१ च्या लढाईच्या बातम्या ऐकल्या. आम्ही त्या वयाचे नव्हतो, त्यामुळे आमची साक्ष इथे चालत नाही. उत्तर समासातल्या ५८५ या संख्येत मिळाले. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. त्याच्या 'अ' केंद्राची मध्यम लहरींवरची वारंवारता ५८५ किलोहर्ट्‌झ, म्हणजे ५१२.८ मीटर. पण ती पहिल्यापासून तशी नव्हती. १९७५ मध्ये जिनिव्हाला भरलेल्या परिषदेत युरोप, आफ्रिका, आशिया इथल्या मध्यम लहरींच्या केंद्रांची नव्याने वाटणी झाली आणि ती २३ नोव्हेंबर १९७८ पासून लागू झाली. त्यानंतर प्रत्येक केंद्राची वारंवारता ९ ने भाग जाणारी झाली. त्याआधी आपल्याकडे केंद्रांमध्ये १० किलोहर्ट्‌झचे अंतर असे. ५८५ ला ९ ने भागून पाहा, बरोबर ६५ येतात. मुंबईचे १०४४ घ्या, ११६ येतात. ५५८ घ्या, ६२ येतात. वर्गात मुलांना हा खेळ द्यायला हरकत नाही. तेव्हा ज्या पानावर नागपूरसाठी ५८५ लिहिले आहे ते पान नोव्हेंबर १९७८ नंतरचेच. लढाईच्या बातम्या आईने नक्की ऐकल्या असतील, पण त्या शेजाऱ्यांच्या रेडिओवर. आमचा रेडिओ १९७९ च्या उन्हाळ्याच्या आधीचा नाही.

७५ आणि २२ हे वेढे असणार, हा अंदाज होता. त्याला नळीने दुजोरा दिला. नळीवर तार अडकवायची दोन भोके बरोबर पाच सेंटिमीटर अंतरावर आहेत. पाच सेंटिमीटरमध्ये ७५ वेढे म्हणजे एका वेढ्याला ०.६७ मिलिमीटर. लाखेत कापसाच्या धाग्याचे ठसे उमटले आहेत, म्हणजे तार सुती वेष्टणाची होती. मोटारी गुंडाळणाऱ्यांकडे तशी तार मिळे. २६ गेजच्या तांब्याच्या तारेवर सुताचा दुहेरी थर दिला की जाडी जवळपास एवढीच भरते. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या रेडिओतही कापूस होताच.

आता गणित. हवेवरच्या एकेरी थराच्या गुंडाळीचे प्रवर्तन काढायला व्हीलर यांचे जुने सूत्र आहे. त्रिज्या आणि लांबी सेंटिमीटरमध्ये घेतली तर

प्रवर्तन = ०.३९४ × त्रिज्या² × वेढे² ÷ (९ × त्रिज्या + १० × लांबी)

आणि उत्तर मायक्रोहेन्रीत येते. त्रिज्या २.५, लांबी ५, वेढे ७५ घातले की १९१ मायक्रोहेन्री मिळतात. एवढ्या गुंडाळीला ५८५ किलोहर्ट्‌झवर जुळवायला सुमारे ३९० पिकोफॅरड लागतात, आणि गँग ५०० पर्यंत जातो. म्हणजे नागपूर लागताना गँग तीन चतुर्थांशाहून थोडा जास्त मिटलेला असायला हवा. गँगच्या दांड्याशी फळीवर पेन्सिलीची एक रेघ आहे. पाती तिथपर्यंत आणून आम्ही मीटरने धारकता मोजली. ती ३९० च्या आसपास भरली. कागद, पुठ्ठा आणि लाकूड असे तीन साक्षीदार एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगत होते.

शिट्टीची साक्ष

खरी अडचण २२ या संख्येशी सुरू झाली. नळीच्या एका टोकाला, थोडी जागा सोडून, दुसरी लहान गुंडाळी होती. भोकांवरून ते दिसते. पण ती कशासाठी होती? दोन शक्यता होत्या. एरियलकडून आलेली लहर मोठ्या गुंडाळीत सोडण्यासाठी अशी लहान गुंडाळी करतात. तसे असेल तर आमचा रेडिओ साधा असणार: एक डायोड आणि त्याच्या मागे आवाज वाढवणारा ट्रान्झिस्टर. दुसरी शक्यता रिअ‍ॅक्शनची. नळीवरून दोन्हींत फरक करता येत नाही. भोके तीच, वेढे तेच.

इथे शेजारचे काका उपयोगी पडले. त्यांना आमच्या रेडिओत काय होते याची अजिबात कल्पना नव्हती, पण त्याच्यामुळे झालेला त्रास पक्का लक्षात होता. संध्याकाळी ते बातम्या लावत आणि मध्येच त्यांच्या रेडिओत शिट्टी घुमे. कधी बारीक, कधी जाड, वरखाली जाणारी. ते अंगणात येऊन हाक मारत आणि हाक मारली की शिट्टी थांबे.

डायोडचा रेडिओ शेजाऱ्याच्या रेडिओत शिट्टी घालू शकत नाही. तो केवळ ऐकणारा असतो. रिअ‍ॅक्शनचा रेडिओ मात्र मर्यादेपलीकडे ताणला की स्वतःच लहरी निर्माण करू लागतो आणि त्याची एरियल त्या बाहेर फेकते. समजा केंद्र ५८५ वर आहे आणि आमचा डबा ५८६ वर ओरडतो आहे. शेजारच्या रेडिओत दोन्ही लहरी शिरतात आणि त्यांच्यातला एक किलोहर्ट्‌झचा फरक शिट्टी बनून ऐकू येतो. आम्ही गँग हलवला की फरक बदले आणि शिट्टी वरखाली होई. इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात या शिट्ट्यांनी श्रोते हैराण झाले होते, कारण घरोघर असेच रेडिओ होते. आमच्या गावात तो प्रकार पन्नास-साठ वर्षे उशिरा आणि एकाच भिंतीपलीकडे घडला, एवढाच फरक. असो, २२ वेढ्यांचा निकाल लागला. ती रिअ‍ॅक्शनची गुंडाळी होती.

बाबा रिअ‍ॅक्शनच्या बटणाला 'कान' म्हणत. आम्हाला हेडफोन देऊन सांगत, "कान पिय, पण रडू नोको देऊ." ते का, हे आता आकड्यांत सांगता येते. ५८५ किलोहर्ट्‌झवर १९१ मायक्रोहेन्रीच्या गुंडाळीचा विरोध सुमारे ७०० ओहम. तारेत, पुठ्ठ्यात आणि एरियलमध्ये मिळून जी ऊर्जा वाया जाते ती १४ ओहमच्या रोधाइतकी धरा. ७०० ला १४ ने भागले की ५० येतात. गुंडाळी किती धारदारपणे केंद्र निवडते, याचे हे माप. नागपंचमीचा झोका आपोआप थांबतो तो हवेच्या आणि दोरीच्या घर्षणाने. कोणी बरोबर वेळेवर हलका धक्का देत राहिले तर घर्षण कमी झाल्यासारखे होते. रिअ‍ॅक्शन म्हणजे तो धक्का. तिने १४ पैकी ९ ओहम भरून काढले तर उरले ५, आणि माप ५० वरून १४० वर गेले. त्याच एरियलवरून आता जवळजवळ तिप्पट जोराची लहर मिळाली. आणखी पिळले तर निवड इतकी अरुंद होते की बोलण्यातले बारीक स्वर कापले जातात आणि निवेदक घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. त्याच्याही पुढे गेले की उरलेला रोध शून्य होतो. झोका थांबतच नाही, आणि काका अंगणात येतात.

डायोडच्या रेडिओने नागपूर लागलेच नसते का? रात्री कदाचित लागले असते. पण आमच्याकडे ते सकाळीही लागे. दर्यापूर ते नागपूर सरळ रेषेत सुमारे १८५ किलोमीटर. एवढ्या अंतरावर दिवसा पोचणारी लहर क्षीण असते, आणि क्षीण लहरीच्या बाबतीत डायोड फार कंजूष वागतो. लहर निम्मी झाली की त्याच्यातून निघणारा आवाज निम्मा होत नाही, पाव होतो. मागे कितीही वर्धन जोडा, आधीच गेलेले परत मिळत नाही. लहर डायोडपाशी यायच्या आत वाढवणे हा खरा उपाय, आणि रिअ‍ॅक्शन नेमके तेच करते. गॅलिनाच्या स्फटिकावर लहरी पकडण्याचे पेटंट आपल्या जगदीशचंद्र बसूंना १९०४ मध्ये मिळाले. त्या स्फटिकाने रेडिओ घरोघर नेला हे खरे. पण केंद्रापासून लांब राहणाऱ्यांना आधार वाटला तो आर्मस्ट्राँगचा.

आमच्या गावाला आणखी एक सोय होती, ती जमिनीची. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, पिकांनाही सोसत नाही. खारपाणपट्ट्याबद्दल कोणी चांगले बोललेले आम्ही ऐकलेले नाही. पण रेडिओला अर्थिंग लागते, आणि काळ्या, ओल्या, खारट मातीसारखा वाहक शोधून सापडणार नाही. बाबांनी अर्थची तार हातपंपाच्या नळाला बांधली होती. दिवसा येणारी लहर जमिनीला धरूनच येते, त्यामुळे वाटेतली काळी जमीनही कामी येत असणार.

मुका माठ

ट्रान्झिस्टरबद्दल पहिली साक्ष नळीचीच. टोकापासून साधारण सात मिलिमीटरवर, म्हणजे दहाव्या वेढ्याशी, तार पिळून बाहेर काढल्याचा ठसा आहे. व्हॉल्व्हच्या जाळीला प्रवाह जवळजवळ लागतच नाही, तो सबंध गुंडाळीला जोडला तरी चालतो. ट्रान्झिस्टरचा बेस मात्र प्रवाह ओढतो. तो वरच्या टोकाला जोडला तर गुंडाळीची सगळी धार बोथट होते. म्हणून खालच्या पायरीवर जोडायचा. ७५ पैकी १० म्हणजे साडेसातास एक. त्याचा वर्ग सुमारे ५६. गुंडाळीचा ३५ हजार ओहमचा विरोध त्या पायरीवर सहाशेच्या घरात दिसतो, आणि जुन्या ट्रान्झिस्टरांना तेवढाच मानवतो. दहावा वेढा बाबांनी हिशेबाने धरला की करून पाहून, ते आता कोणाला विचारणार? आमचा कौल करून पाहण्याकडे आहे. नळीवर शेजारी बुजवलेली आणखी दोन भोके आहेत.

पण ट्रान्झिस्टर कोणता? आईला विचारले. ती म्हणाली, "मले काय मालूम दोन पाय का तीन पाय? माह्या माठापाशी ठेवत तो डबा, एवढंच मले याद आहे. मी म्हणो, पाणी सांडलं त मंग?"

पाय चार होते. हे आमच्यातल्या एकीला पक्के आठवत होते, कारण शाळेत त्याचे चित्र काढताना तिने चौथा पाय काढला आणि वर्गात हसे झाले होते. ट्रान्झिस्टरला पाय तीन असतात, हे गुरुजींनी बरोबरच शिकवले होते. पण फिलिप्सच्या एएफ ११४ ते ११७ या जर्मेनियमच्या कुळाला चौथा पाय असतो. तो आतल्या कशाला जोडलेला नसून बाहेरच्या धातूच्या टोपणाला जोडलेला असतो, आडोसा म्हणून. फळीवरही जुळणारी खूण आहे. अर्थच्या स्क्रूशेजारी पेन्सिलीने अधिक चिन्ह काढले आहे. सेलचे धन टोक जमिनीला, हे पीएनपी जातीचे लक्षण, आणि जुने जर्मेनियमचे रेडिओ बहुधा तसेच असत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ पासून जर्मेनियमचे भाग बनवायला घेतले होते, १९६४ मध्ये सिलिकॉनसाठी कॉन्टिनेन्टल डिव्हाइस ही कंपनी निघाली. १९७९ पर्यंत सिलिकॉन स्वस्त झाला होता. तरीही जर्मेनियम वापरला त्याचे कारण उघड आहे. तो विकत आणलेला नव्हता, कोणाच्या तरी बिघडलेल्या रेडिओतून काढलेला होता.

आणि माठ? त्याचा उलगडा आम्हाला सगळ्यांत आवडला. आम्हा दोघांनाही आठवते, एप्रिल-मे महिन्यांत तो रेडिओ दुपारी मुका होई आणि दिवेलागणीला पुन्हा बोलू लागे. याचे एक उत्तर कोणीही विज्ञानशिक्षक देईल. सूर्य मावळला की आकाशातला आयनांबराचा खालचा थर विरतो आणि मध्यम लहरी वरून परावर्तित होऊन लांबवर जातात. उत्तर बरोबर आहे, पण इथे लागू नाही. तसे असते तर रेडिओ डिसेंबरच्या दुपारीही मुका झाला असता. तो होत नसे. शिवाय आयनांबराला माठाशी काय देणेघेणे?

दोष उष्णतेचा होता. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून, बेसला काही न देताही, थोडा प्रवाह गळत राहतो, आणि तापमान साधारण दर १० अंशांनी वाढले की ही गळती दुप्पट होते. मिळवून आणलेल्या ट्रान्झिस्टरवर आम्ही ती मोजली. २५ अंशांना दीड मायक्रोअँपिअर होती. ४५ अंशांना, म्हणजे अकोल्याच्या मे महिन्यातल्या नेहमीच्या दुपारी, ती सहा होते. बेसला ४७० किलोओहमच्या एकाच रोधातून सहा मायक्रोअँपिअर मिळत असतील आणि ट्रान्झिस्टर ६० पट वाढवत असेल, तर सकाळी साडेसातास साठने गुणायचे: ०.४५ मिलिअँपिअर. हेडफोनचा रोध ४००० ओहम, त्यात १.८ व्होल्ट खर्च होतात. दोन सेलच्या तीन व्होल्टांतून ट्रान्झिस्टरला १.२ उरतात. दुपारी बारास साठने गुणायचे: ०.७२ मिलिअँपिअर, म्हणजे २.८८ व्होल्ट. ट्रान्झिस्टरच्या वाट्याला काहीच उरत नाही. तो गुदमरतो, रेडिओ मुका होतो. डबा माठापाशी ओल्या फडक्यावर ठेवला की आठ-दहा अंश उतरतात आणि आवाज परत येतो.

यातून सर्किटचा जो भाग कुठल्याही भोकावरून कळला नसता तो कळला. कारखान्यातल्या रेडिओत बेसपाशी दोन रोधांची विभागणी करतात आणि एमिटरला तिसरा रोध देतात. मग उष्णता वाढली तरी प्रवाह आटोक्यात राहतो. बाबांनी तसे केले असते तर माठाची गरज पडली नसती. माठ लागत होता, याचा अर्थ बेसला एकच रोध होता. आमच्या पुनर्रचनेतले सगळ्यांत भरवशाचे दोन पुरावे हे असे आहेत: एक शेजाऱ्यांची तक्रार, दुसरा आईची धास्ती. रेडिओ निर्दोष असता तर कोणाच्या काही लक्षात राहिले नसते.

एएफ ११७ मिळवायला मात्र वेळ लागला. अकोल्यात एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या डब्यात तीन निघाले. तिन्ही न वापरलेले, आणि त्यांतले दोन मेलेले. या कुळाला एक विचित्र रोग आहे. टोपणाच्या आतल्या कथिलाच्या मुलाम्यातून केसाहून बारीक धातूचे तंतू हळूहळू वाढतात आणि एक दिवस आतल्या तारेला चिकटतात. ट्रान्झिस्टर डब्यात नुसता पडून असला तरी हे घडते. मीटर लावला तर चौथा पाय आणि कलेक्टर यांच्यात सरळ रस्ता दिसतो. इलाजही विचित्र आहे. चौथा पाय कापून टाकायचा, म्हणजे टोपण अधांतरी होते आणि चिकटलेला तंतू निरुपद्रवी ठरतो. दोनांपैकी एक असा जिवंत झाला. तोच आम्ही वापरला, तिसरा धडधाकट असूनही. धडधाकट जपून ठेवला आहे.

मे २०१२ मध्ये अमरावतीच्या गच्चीवर पहिली चाचणी घेतली. नागपूर तिथून जेमतेम १४० किलोमीटर, गावापेक्षा जवळ. पण कानात फक्त खरखर आली. शहरातले सीएफएल दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्यांची वटवट मध्यम लहरींवरच असते. १९७९ मध्ये हे काहीच नव्हते. मग गावी गेलो, त्याच हातपंपाला अर्थ बांधली, कडुनिंबापासून पत्र्यापर्यंत तार ओढली. तिथेही खरखर होती, जरा कमी. सकाळी भारनियमनाची वेळ झाली, वीज गेली आणि खरखर एकदम बंद पडली. कान थोडा पिळल्यावर नागपूर आले. बाजारभाव चालू होते. हेडफोन आईच्या कानाला लावला. तिने अकोल्याचा कापसाचा भाव ऐकला, तो मनाशी जुन्या भावाशी ताडून पाहिला आणि म्हणाली, आवाज असाच होता, पण डबा इथे उन्हात कायले ठेवला? साडेअकराला तो मुका झाला. आम्ही तो आत नेला.

मध्यम लहरींची बरीच केंद्रे अलीकडच्या वर्षांत बंद झाली आहेत, त्यामुळे असा प्रयोग वर्गात करायचा तर ५८५ किलोहर्ट्‌झचा छोटा जनित्र टेबलावर ठेवून करावा. रिअ‍ॅक्शन त्यावरही तितकीच चांगली दाखवता येते, आणि शिट्टी शेजारच्या वर्गातल्या रेडिओवर ऐकवता येते.

फळीवरच्या अकरा भोकांपैकी दहांचा हिशेब लागला आहे. अकरावे डाव्या कोपऱ्यात आहे, इतरांपेक्षा मोठे, आणि त्याच्याभोवती स्क्रूच्या डोक्याचा ठसा नाही. आमच्यातला एक म्हणतो ते फळी खुंटीला टांगायचे भोक. दुसरी म्हणते टांगायचे असते तर मध्यभागी पाडले असते. तिथून एरियलची तार आत येत असावी. नव्या फळीवर आम्ही तेवढ्याच मापाचे भोक त्याच जागी पाडले आहे आणि रिकामे ठेवले आहे.